घरी जाणाऱ्या खुर्च्या

समजा, तुम्हाला एक बाक दिला आहे. सिमेंटचा, जड, एकदा बसवला की पुन्हा न हलणारा. समोर एक नवी बाग आहे आणि तुम्ही फक्त बोट दाखवायचं आहे, की इथे. बास, एवढंच काम.

सोपं आहे की. झाडाखाली ठेवा. ठेवलात? आता जरा मान वर करा. त्या फांदीवर कावळ्यांची बैठक असते आणि बाकाबद्दलचं आपलं मत ते रोज बाकावरच नोंदवतात. बरं, वाटेच्या कडेला ठेवा. मग बसणाऱ्याला सारखे पाय आत ओढून घ्यावे लागतील. घसरगुंडीसमोर? आईबापांची सोय झाली, पण ज्याला नुसतंच निवांत बसायचंय त्याने दुसऱ्यांच्या पोरांचा आरडाओरडा का ऐकावा? मग लांब, शांत कोपऱ्यात? तिथे एकटी बाई बसणार नाही, आणि जे बसतील त्यांच्याबद्दल उद्या तक्रार येईल. भिंतीला पाठ आणि फाटकाकडे तोंड? हे त्यातल्या त्यात बरं. फक्त दुपार कलली की ऊन सरळ डोळ्यांत.

बोट अजून हवेतच आहे ना? आणि तिकडे गवंडी घमेलं घेऊन खोळंबलाय.

आमच्या संस्थेत हे बोट दाखवायचं काम खुर्चीताईंचं. संस्था लहान आहे. चष्म्याच्या दुकानाच्या वर एक लांबट खोली, तीन टेबलं, फुटबॉलची जाळी ठेवलेलं कपाट आणि दाराआड कायम उभी असलेली एक मोडकी घसरगुंडी, जी दुरुस्त करायची हे सगळ्यांना मान्य आहे. बागा महापालिकेच्या, माणसं शहराची आणि मधली सगळी उठाठेव आमची. झोके दुरुस्त करणं, मैदानावर मुलींचे संघ चालवणं, झाडांना आळी करणं, आणि माणसं बसतील अशी सोय करणं. मी तिथे नकाशे काढतो. ताई पन्नाशीच्या आतबाहेर, चाल भरभर, आणि आवाज असा की फोनवर बोलताना त्यांना फोनची गरज नसते. "खुर्चीसाठी भांडणारे शहरात पुष्कळ आहेत," आमच्या अध्यक्षबाई म्हणतात, "खुर्च्यांसाठी भांडणारी ही एकटीच."

त्याआधी ताई एका मोठ्या दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीत होत्या. खिडकीसमोर ताटकळत बसलेल्यांची मोठी खोली, आणि दिवसभर बघायला दुसरं काही नाही. लोकांना वाटतं, रिकामी जागा दिसली की माणूस बसतो. ताई म्हणतात, छे. आधी तो दार कुठे आहे ते बघतो. मग ओळखीचं कुणी नाही ना, ते बघतो. मग दोन्हीकडे एकेक खुर्ची सोडून मधोमध बसतो आणि जरा वेळाने पिशवी शेजारी ठेवून तीही जागा खिशात घालतो. त्याच दवाखान्यात अध्यक्षबाई डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. निवृत्त होऊन त्यांनी बागांचं काम हाती घेतलं, तेव्हा खिडकीत डोकावून त्या ताईंना म्हणाल्या, "आजारी माणसं बसवून कंटाळली असशील तर धडधाकट माणसं बसवायला ये."

ताई आल्या आणि स्वतःची पद्धत घेऊन आल्या. बाक बसवायच्या आधी बागेत सुट्या खुर्च्या सोडायच्या. सोडायच्या म्हणजे गुरं सोडतात तशाच. मग बघत राहायचं. कुणी खुर्ची सावलीत ओढतं, कुणी गप्पांच्या कोंडाळ्यात नेतं, कुणी सगळ्यांकडे पाठ करून कुंपणाजवळ बसतं. संध्याकाळी खुर्च्या जिथे असतील, तिथे लोकांना बसायचं आहे. तिथे खूण करायची आणि तिथेच बाक.

पहिल्याच बागेत ही पद्धत तोंडावर आपटली. ताई रोज बाग बंद होताना जाऊन बघायच्या, तर रोज सगळ्या खुर्च्या पंपघराच्या भिंतीलगत, एका सरळ रेषेत, खांद्याला खांदा लावून. ताई हरखून गेल्या. "लोकांना ओळीने बसायला आवडतं हो!" अध्यक्षबाईंनी भुवई वर केली. "इतकी शिस्तीची माणसं या शहरात आली कुठून?" पण नकाशा मी काढला होता, रेषा सरळ होती, मलाही ती आवडली. भिंतीलगत बाकांची ओळ ओतली गेली. तिच्यावर आजतागायत कबुतरांखेरीज कुणी बसलेलं नाही. बऱ्याच दिवसांनी कळलं की तिथला झाडूवाला घरी जायच्या आधी सगळ्या खुर्च्या गोळा करून भिंतीपाशी नीट लावायचा. एका झाडूवाल्याच्या टापटिपीचं स्मारक आम्ही सिमेंटमध्ये उभं केलं होतं.

ही गोष्ट ताई स्वतःच सांगतात आणि सगळ्यांत मोठ्याने स्वतःच हसतात. पण हसून झाल्यावर त्यांनी जो विचार केला तो आमच्यापैकी कुणी केला नव्हता. खुर्च्या हलत होत्या तोवर माणसं तिथे बसत होती. सिमेंट ओतलं आणि माणसं गेली. मग ओतायचंच कशाला? खुर्च्याच राहू देत की!

इथे उद्यान अधीक्षक साहेब आडवे आले. माणूस वाईट नाही. शहरातल्या प्रत्येक बागेची किल्ली त्यांच्याकडे असते आणि प्रत्येक चोरीची चौकशीही त्यांच्यावरच येते. नळाच्या तोट्या, कारंज्याची मोटार, एकदा तर झोक्याची अख्खी साखळी.

"ताई, जे जमिनीत गाडलेलं नाही ते बागेत टिकत नाही," साहेब म्हणाले. "गाडलेलंही टिकत नाही म्हणा, पण त्याला जरा वेळ लागतो."

"साहेब, लोकांची खुर्ची लोकच कशाला चोरतील?"

"तोटी पण लोकांचीच होती."

शेवटी साहेबांनी एक बाग दिली. पाण्याच्या टाकीजवळची, मध्यम, जुन्या झाडांची. एक महिना. रोज बाग बंद होताना राखणदार खुर्च्या मोजणार, आणि महिना संपला की साहेब स्वतः येऊन मोजणार. कमी भरल्या तर सगळ्या गोदामात आणि बागेत सिमेंटचे बाक. ताईंची मान अशी काही ताठ झाली की त्या बोलून गेल्या, "एकही खुर्ची गेली ना साहेब, तर बाक ओतायला घमेलं मी स्वतः उचलेन."

"हातमोजे घेऊन या," साहेब म्हणाले.

एका बंद पडलेल्या सभागृहाच्या खुर्च्या आम्हाला मिळाल्या. निम्म्या बिनहाताच्या, निम्म्या दोन्हीकडे हात टेकायला दांडे असलेल्या, म्हणजे हातवाल्या. रंगाच्या दुकानदाराकडे एक पिवळा रंग कुणी घेत नाही म्हणून पडून होता. त्याने तो देऊन टाकला. रंगवून झाल्यावर तो कुणी का घेत नव्हतं ते कळलं. पण हरवलेली खुर्ची दोन गल्ल्या पलीकडून ओळखू आली असती, हेही खरं.

त्या बागेमागच्याच गल्लीत ताईंच्या सासूबाई राहायच्या. बसमध्ये कंडक्टर होत्या, आता निवृत्त, घरात एकट्या आणि एकटं राहण्यावर ठाम. ताईंचा नवरा दर काही दिवसांनी म्हणायचा, आईला आपल्याकडे आणू. सासूबाई फोनवरच त्याला उतरवून द्यायच्या. "मी रोज चालत बागेत जाते. तू जातोस का? मग कोण कुणाला सांभाळायला नेतंय?"

पहिले पंधरा दिवस पिवळ्या खुर्च्यांनी ताईंचं नाव राखलं. सकाळी त्या उन्हात असायच्या, दुपारी सावलीमागे सरकायच्या, संध्याकाळी त्यांची वर्तुळं व्हायची. बुद्धिबळ खेळणारे दोघे तिसरी खुर्ची मध्ये घेऊन पट मांडायचे. परीक्षेचा अभ्यास करणारी एक मुलगी एका खुर्चीवर बसून दुसरीवर पाय ठेवायची आणि कुणी मागितली तर पुस्तकातून मान वर न करता पाय काढून घ्यायची. ताई झाडाआडून बघायच्या आणि आम्हाला येऊन सांगायच्या, जणू त्यांच्या वर्गाचा निकाल लागला होता.

मग एका संध्याकाळी राखणदाराचा फोन आला. "ताई, एक खुर्ची कमी आहे."

दुसऱ्या दिवशी आणखी एक. आठवडाभराने तर संध्याकाळी उशिरापर्यंत बसणाऱ्या बुद्धिबळवाल्यांनी विचारलं, की खुर्च्या मापाने सोडताय का. आमच्या खोलीत हाहाकार उडाला. खुर्चीखाली चकती चिकटवून ती कुठे जाते ते मोबाइलवर बघायची यंत्रणा मी एका रात्रीत आखली. ताईंनी ऐकून घेतलं. "छान आहे. पण चोराने खुर्ची न नेता नुसती चकती नेली तर?" घरी नवऱ्याने दुसरा उपाय सांगितला : बाजारातून चार जुन्या खुर्च्या आण, पिवळा रंग मी मारतो, साहेबांना काय कळतंय.

"लबाडीच करायची असती तर दवाखान्यात पुढचे नंबर विकून माडी बांधली असती," ताई म्हणाल्या.

त्यांनी भंगारवाल्यांची दुकानं पालथी घातली. एका भंगारवाल्याने तर उलट त्यांनाच चहा पाजला आणि विचारलं, "घसरगुंडी विकायचीय म्हणे तुमची?" पिवळी खुर्ची कुठेच नव्हती. साहेबांच्या येण्याला थोडेच दिवस उरले होते. खुर्च्या गेल्या तर ताईंच्या हातात घमेलं येणार, हा त्यातला विनोदाचा भाग. पण त्या बागेत पुन्हा सिमेंटच्या ओळी येणार आणि मग कुठल्याच बागेत सुट्या खुर्चीचं नाव कुणी काढू देणार नाही, याचं कुणाला हसू येत नव्हतं.

त्या दिवशी ताई टेबलावर हात टेकून उठल्या आणि उठता उठता तशाच थांबल्या. अर्ध्या उठलेल्या. "गेलेल्या सगळ्या हातवाल्या आहेत," त्या म्हणाल्या.

"मग?" मी विचारलं.

"अरे, चोर असता तर बिनहाताच्या नेल्या असत्या. हलक्या, एकात एक बसतात, हातगाडीवर रचता येतात. हातवाली म्हणजे नुसती अडचण. ती मुद्दाम निवडून कोण नेईल? ज्याला उठताना हात टेकावा लागतो तो. हा चोर नाही. हे गिऱ्हाईक आहे."

असं गिऱ्हाईक लांबचं नसणार, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बागेच्या मागच्या गल्लीत जाऊन उभ्या राहिल्या, रंगाच्या दुकानाच्या पायरीवर. पुढचं सगळं त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलंय की ते मीच पाहिल्यासारखं वाटतं.

आधी आवाज आला. खर्रर्र, टक. थोडी शांतता. पुन्हा खर्रर्र, टक. मग उभ्या केलेल्या गाड्यांच्या रांगेवरून एका पिवळ्या खुर्चीची पाठ दिसली. ती आपली आपणच चालल्यासारखी पुढे येत होती. थोडी पुढे आली, थांबली, आणि मग खुर्चीमागून एक बाई निघाली, खुर्चीला वळसा घालून पुढे आली, आणि फूटपाथच्या मधोमध ऐटीत बसली. शाळेत जाणारी मुलं तिच्या दोन्ही बाजूंनी ओढ्यासारखी वाटा काढत गेली. जरा दम खाऊन तिने दोन्ही दांड्यांवर तळवे टेकले, रेटा दिला, उठली, पुन्हा मागे गेली. खर्रर्र, टक.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. त्या सासूबाई होत्या.

"आई!" ताई मागून ओरडल्या.

सासूबाई वळल्या नाहीत. "मागून हाका मारू नयेत. पुढे येऊन बोलावं."

ताई पुढे आल्या. "हे काय चाललंय?"

"डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे काम करतेस ना? मग दिसत नाही? बागेत चाललेय."

"आई, ही खुर्ची बागेची आहे!"

"म्हणूनच तीही बागेत चाललीय. संध्याकाळी माझ्याबरोबर घरी येते, सकाळी परत जाते. तुझ्या नवऱ्यापेक्षा नेमाने येते."

"गुडघा एवढा दुखतोय तर काठी घ्यायची की नाही?"

"काठी!" सासूबाईंनी तो शब्द गटारात टाकावा तसा टाकला. "उभा जन्म चालत्या बसमध्ये काढला मी. एका हातात तिकिटं, दुसऱ्यात सुटे पैसे, धरायला तिसरा हात देवाने दिला नव्हता. एकदा पडले नाही. आता काठी धरू?"

"मग खुर्ची धरलेली चालते?"

"धरत कुठेय? ढकलतेय."

मोडेन पण वाकणार नाही हा बाणा ठीक आहे, पण गुडघा यातलं काहीच करायला तयार नव्हता. ताईंना हसावं की रडावं कळेना. तेवढ्यात मागून आणखी खर्रर्र आलं. वळणावर दुसरी पिवळी खुर्ची उगवली, तिच्यामागे तिसरी. सासूबाईंच्या दोन मैत्रिणी. एक शिवणक्लासच्या बाई, दुसरी दातांच्या डॉक्टरची आई. "अंतर ठेवा, अंतर ठेवा," सासूबाईंनी खुर्चीमागूनच हुकूम सोडला, "पुढची गाडी थांबलीय." उरलेल्या खुर्च्या टाकीच्या पलीकडच्या गल्लीतून येत असल्याचंही त्यांनीच अभिमानाने सांगितलं. कल्पना त्यांची होती. बाकीच्या नुसत्या प्रवासी.

मग एकदम आवाज खाली आला. "त्याला सांगणार आहेस?"

त्याला म्हणजे मुलाला.

"तुमच्याकडे तीन जिने. एकदा वर चढले की मी वरचीच. म्हणशील, खिडकीतून बाग दिसते. मला बाग बघायची नाही गं. बागेत बसायचंय. आणि तिथपर्यंत जायचं तर वाटेत बूड टेकायला एक जागा नाही. घरून निघालं की थेट तुमचं फाटक. असा मार्ग असतो का कुठे? मधे स्टॉप नको?"

ताईंनी मग पैजेचं सांगितलं. साहेब परवा मोजायला येणार, खुर्च्या कमी भरल्या तर काय होणार, सगळं. सासूबाईंनी क्षणभर विचार केला. "एवढंच ना? परवा ठेवून जाऊ खुर्च्या. एका दिवसाने काय होतंय. भिंत धरून जाईन. तुझा शब्द तेवढा राहू दे."

ताई सांगतात, मोह झाला. का होणार नाही? सोपं होतं. राखणदारही आपलाच, त्याला सगळं माहीत होतं. "मला बंद होताना मोजायला सांगितलंय," जाब विचारल्यावर तो म्हणाला होता, "सकाळी किती येतात ते कुणी विचारलंच नाही." एक संध्याकाळ गप्प बसलं की खुर्च्या वाचत होत्या, शब्द वाचत होता आणि सासूबाईंचं गुपितही.

पण ऑफिसात येऊन त्यांनी सगळं अध्यक्षबाईंसमोर ठेवलं, आणि ठेवता ठेवता त्यांचं त्यांनाच उत्तर मिळालं. "ज्या कामासाठी खुर्ची हवी तेच काम लपवायचं, आणि खुर्ची वाचवली म्हणून मिरवायचं. हे मला नाही जमायचं. पुढच्या महिन्यात काय, पुन्हा भिंत धरून जा म्हणू त्यांना?" त्यांनी फोन उचलला. "साहेब, मोजायला बंद झाल्यावर येऊ नका. जरा आधी या. फाटकात उभे राहू."

त्याच दिवशी नवऱ्यालाही त्यांनीच सांगितलं. तो लगेच कपडे चढवून निघाला, आईला आत्ता घेऊन येतो म्हणून. "अवश्य," ताई म्हणाल्या. "आधी ही आपली खुर्ची तिन्ही जिने ढकलत खाली नेऊन दाखव. मग आईंना आण." तो दारातून परत आत आला आणि त्याच खुर्चीवर बसला.

साहेब ठरल्या वेळी आले. कडेला ताई, अध्यक्षबाई, मी, राखणदार. ऊन उतरलं, माणसं पांगू लागली, आणि झाडांखालून खर्रर्र असा आवाज सुरू झाला. पहिली खुर्ची फाटकापाशी आली. सासूबाईंनी त्या दिवशी केस जरा जास्तच नीट बांधले होते.

"अहो आजी," साहेब म्हणाले, "ही महापालिकेच्या बागेतली मालमत्ता आहे. बाहेर नेता येत नाही."

"मग महापालिकेने उचलून माझ्या घरापर्यंत आणावी. माझी हरकत नाही."

"याला चोरी म्हणतात."

"साहेब, चोर कधी खुर्चीवर बसत बसत पळतो का?"

राखणदाराला एकाएकी ठसका लागला. साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग खुर्चीकडे, मग गल्लीकडे. "चला," ते म्हणाले. "बघू कुठवर जाते."

आणि ते निघाले. पुढे पिवळी खुर्ची, मागे अधीक्षक, त्यांच्यामागे आम्ही, आमच्यामागे आणखी दोन खुर्च्या. दुकानांतून माणसं बाहेर येऊन बघू लागली. रंगाच्या दुकानापाशी सासूबाई बसल्या. साहेब शेजारी उभे राहिले. सासूबाईंचा श्वास ऐकू येत होता, आणि तो ऐकू येऊ नये म्हणून त्यांची चाललेली धडपडही. साहेब चांगल्या देहयष्टीचे. शिवणक्लासच्या बाईंनी मागून आपली खुर्ची त्यांच्यापाशी सरकवली. "बसा साहेब. उभ्याने प्रवास बरा नाही."

साहेब बसले. ते विरघळले वगैरे नाहीत, तसा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी खुर्चीचे दांडे चाचपून बघितले, एकदा उठून बघितलं, पुन्हा बसून बघितलं. फूटपाथ मागेपुढे न्याहाळला. मग राखणदाराला विचारलं, "सकाळी कधी परत येतात?"

"ऊन चढायच्या आत सगळ्या आत असतात साहेब. एकही कमी नाही."

"पाय मोडला खुर्चीचा तर?"

"संस्था दुरुस्त करेल," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"मग मोजणी ऊन चढल्यावर करायची."

ताईच मध्ये बोलल्या. "साहेब, ठरलं होतं बंद होताना. मी शब्द दिला होता."

"तुम्ही शब्द दिला होता की खुर्ची जाणार नाही. ही जातेय कुठे? ही येऊन-जाऊन आहे." साहेब दांड्यांवर हात टेकून उठले. "शाळेतसुद्धा हजेरी शाळा भरल्यावर घेतात ताई. सुटल्यावर नाही. घमेलं राहू द्या."

"हातमोजे आणले होते मी," ताई म्हणाल्या, आणि खरंच पिशवीतून काढून दाखवले.

खुर्च्या राहिल्या. आता आणखी दोन बागांत सोडल्यात, आणि या खेपेला सगळ्या हातवाल्या. रंग तोच, कारण दुकानदाराकडे तो अजून संपलेला नाही. त्या खुर्च्यांना छोटी चाकं बसवायची योजना मी मोठ्या उत्साहाने काढून नेली होती. सासूबाईंनी नकाशा उलटा-सुलटा करून बघितला आणि परत दिला. "चाकं लावलीस तर ती माझ्या आधी बागेत पोचेल रे." मग पायांना नुसती रबरी टोपणं बसवली. आता खर्रर्र येत नाही, फक्त टक येतं. सासूबाईंची त्यावरही तक्रार आहे. लोकांना गाडी येतेय ते कळत नाही, म्हणतात.

सगळं मनासारखं झालं, पण ताई दोन दिवस बागेकडे फिरकल्या नाहीत. मला वाटलं दमल्या असतील. तिसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि पाण्याच्या टाकीजवळच्या बागेचा नकाशा मागितला. मी दिला. त्यांनी तो बघितला आणि मान हलवली. "हा नाही. हा कुंपणापाशी संपतो. कुंपणाबाहेरचा दे."

"कुंपणाबाहेरचा आपल्याकडे नाही, ताई. बाहेरचा रस्ता आपला नाही."

"तो कुणाचाच नाही, तेच तर झालंय." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "हे बघ, आमच्या आई पडल्या कंडक्टर. बस थांबवून भांडणाऱ्या. त्यांना सुचलं, खुर्ची घेऊन निघाल्या, लाज वाटली नाही. म्हणून खुर्च्या कमी भरल्या, म्हणून मी शोधायला गेले, म्हणून कळलं. पण सगळ्या काही आई नसतात. एखादी नीट आवरून निघते, गल्लीच्या तोंडापर्यंत येते, गुडघ्यावर हात ठेवून जरा उभी राहते, कुणी बघत नाही ना बघते, आणि वळते. तिने खुर्ची नेलीच नाही, त्यामुळे कमी काहीच भरलं नाही. राखणदाराच्या मोजणीत ती नाही, तुझ्या नकाशात नाही. बाग मात्र भरलेली दिसते आणि आपण खूश."

आता ताई सकाळच्या वेळी बागेत नसतात. बागेपासून लांब, कधी औषधांच्या दुकानापाशी, कधी वळणावरच्या खांबाला टेकून उभ्या असतात आणि बागेच्या दिशेने येणाऱ्यांचे पाय बघतात. आलेल्यांना विचारता येतं, ते भरभरून सांगतात, तोंड दुखेपर्यंत. न आलेल्यांना कुठे गाठायचं, हे कुणाला माहीत नाही. मी जो नकाशा नव्याने काढतोय त्यात सगळ्या गल्ल्या आहेत, सगळी वळणं आहेत, चढ आहेत. फक्त ताईंना हवी असलेली खूण कुठे करायची ते मला सांगता येत नाही, आणि त्या रोज येऊन तेच विचारतात.

"बाकी सगळं राहू दे. मला एवढंच सांग, ती माणसं नेमकी कुठून मागे फिरतात?"